रामाच्या भावाचं नाव

नवऱ्याचं नाव न घेता नवऱ्याचं नाव सांगण्याच्या आमच्या लातूर भागात जेवढ्या रीती आहेत, तेवढ्या सगळ्या मला तोंडपाठ आहेत. ही माझी खरी पदवी. डी.एड. त्यानंतरची.

संपादकांनी शाळेतले अनुभव मागितले होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीसेक वर्षं शिकवलं, तेव्हा मागणं रास्तच होतं. पण शाळेतले अनुभव सगळेच मास्तर लिहितात आणि सगळ्यांचे विद्यार्थी पुढे कलेक्टर झालेले असतात. माझे झाले नाहीत. मी लिहिणार आहे ते मतदार यादीबद्दल. निवडणूक म्हटलं की लोकांना सभा आठवतात, जीपगाड्या, झेंडे, गुलाल आठवतो. यादी कोणालाच आठवत नाही. पण यादीत नाव नसलेल्याला ना सभेत किंमत, ना गुलालात. राजकारणाचं पीठ कोणीही मळो, दळण आम्ही दळलेलं असतं.

काम दिसायला सोपं. शाळा सुटली की पिशवीत जुनी यादी आणि कोरे फॉर्म घ्यायचे आणि घरोघर फिरायचं. अठरा वर्षांचं कोण झालं, लग्न होऊन कोण आलं, कोण गेलं, कोण वारलं, हे विचारून लिहायचं. मग कच्ची यादी छापून येते. ती चावडीवर गावासमोर मोठ्यानं वाचायची. याला चावडीवाचन म्हणतात. कोणाची हरकत असेल तर त्यानं तिथंच उठून सांगायची. मग पक्की यादी. ती एकदा झाली की ब्रह्मदेवाच्या बापालाही पुढच्या वर्षापर्यंत हात लावता येत नाही.

सगळी गोम बायकांच्या रकान्यात. आमच्याकडे कागदावर बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ लिहितात, म्हणजे भ्रतार, आणि त्यापुढे नवऱ्याचं नाव. आणि ते नाव बाई घेणार नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असा समज. घरात लेकरू असलं तर ते ओरडून सांगायचं. नसलं की बाई कोडं घालायची. “बार्शीचा देव” म्हटलं की भगवंत. “अंगठीतला लाल खडा” म्हणजे माणिक. “शनवारी तेल घालत्यात त्ये” म्हणजे मारुती. एका बाईच्या नवऱ्याचं नाव दगडू आणि सासऱ्याचं धोंडिबा. सासऱ्याचंही नाव घ्यायचं नाही. त्यामुळे बिचारी दगडही म्हणू शकत नव्हती आणि धोंडाही. शेवटी तिनं अंगणातला एक उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “ह्ये. दोघांचं बी ह्येच.”

हसायला ठीक आहे. पण माझे अब्बा एक गोष्ट सांगायचे. ते लातुरात भांड्यांना कल्हई करायचे. निजामाचं राज्य गेलं, पहिलं मतदान आलं, तेव्हा यादीवाला आमच्या गल्लीत आला होता. अम्मी पडद्याआडून ना स्वतःचं नाव सांगायला तयार, ना अब्बांचं. अब्बा बाजारात. यादीवाल्यानं थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढच्या दारात गेला. मतदानाच्या दिवशी अब्बा नवा पायजमा घालून मत देऊन आले आणि अम्मीला बोटावरची शाई दाखवली. अम्मी म्हणे बराच वेळ ते बोट हातात धरून बसली होती. राज्य बदललं, तिच्या बोटाला शाई लागली नाही. मी यादीचं काम कधी टाळलं नाही, त्याचं मूळ तिथं आहे. बाकीच्या शिक्षिका ही ड्युटी आली की डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधायच्या. मी मागून घ्यायचे. सगळे मला येडी म्हणायचे.

नोकरीच्या शेवटी शेवटी बदली लातूर शहरात झाली. तोवर क्लासेसचा जमाना आला होता. ज्या गल्लीत पूर्वी डाळीचा भुसा उडायचा, तिथं आता घरटी होस्टेल. एक दिवस एका उमेदवाराचा कार्यकर्ता साठ फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला. साठही पोरं एकाच पत्त्यावर. “मॅडम, हितंच खातेत, हितंच झोपतेत, मग मत बी हितंच,” तो म्हणाला. मी पत्त्यावर गेले. तीन खोल्या, दहा कॉटा. म्हटलं, “बाकीची पन्नास पोरं कुठं झोपतात?” तो जराही न लाजता म्हणाला, “पाळी पाळीनं.” दहा फॉर्म ठेवले, पन्नास परत दिले. त्या दहांत देगलूरची एक मुलगी होती. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, जन्मतारीख एका दमात सांगून मोकळी झाली आणि मलाच विचारलं, “आईचं नाव लिहायला जागा न्हाई का, मॅडम?” त्या क्षणी मला गयाबाईची आठवण झाली. आता तिचीच हकिकत सांगते. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक तीच, आणि सगळ्यात मोठा अभिमानही तिचाच.

भूकंपानंतरची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या बायकांचे मला अजून फोन येतात. जुनं गाव मातीचा ढीग होऊन पडलेलं, नवं अजून बांधायचं होतं, आणि लोक मधल्या माळावर पत्र्याच्या शेडांत राहत होते. घर नंबर म्हणजे शेड नंबर. तिथली नवी यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

तशी यादी करणं काय असतं, ते सांगून कळणार नाही. जुन्या यादीतलं नाव वाचायचं आणि समोरच्यानं मान हलवायची. पुढचं वाचायचं. पुन्हा मान. लाल पेन दोनदा संपला. मी शिक्षिका, लाल पेनानं फक्त चुका दुरुस्त करायची सवय. तिसऱ्या दिवसापासून मी जुनी यादी पिशवीतून काढायची बंद केली. म्हटलं, जिवंत माणसांची नावं तोंडीच विचारून लिहू, मेलेल्यांची नंतर ताडून पाहू. हे नियमाबाहेर होतं, ते मला ठाऊक होतं.

गयाबाई शेडच्या दारात एकटी बसली होती. वय चाळिशीचं. पाण्याचा टँकर आला होता, म्हणून सगळी रांग तिकडे पळालेली. शेजारी कोणी नाही. तिच्या घरातही कोणी नव्हतं. नवरा भूकंपात गेला आणि एकुलती लेक लग्न करून निलंग्याकडं दिलेली. तिनं नाव सांगितलं, आडनाव जगदाळे सांगितलं. नवऱ्याच्या नावाला अडली.

“मालक आता नाहीत ना, बाई?” मी हळूच म्हटलं. “आता घेतलं तर काय होतंय?”

तिनं नुसती मान हलवली. मग म्हणाली, “रामाचे भाऊ.”

मी लिहिलं, लक्ष्मण. पुढच्या शेडला गेले. कोडं क्षणात सुटलं म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली असणार. तेवढी घमेंड मला होतीच. रामाला भाऊ तीन होते, हे मीच चौथीच्या वर्गाला शिकवत होते.

कच्ची यादी छापून आली. पंचायतीच्या शेडसमोर चावडीवाचन झालं. बायका असल्या ठिकाणी येत नसत, पुरुष बसलेले. मी वाचलं, “गयाबाई भ्र. लक्ष्मण जगदाळे.” मागे दोघातिघांत खसखस पिकली. मला वाटलं, काहीतरी आपसातलं असेल. पहिल्या रांगेत नरहरी आप्पा बसले होते. गावातल्या एका पार्टीचे पुढारी. पंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्ह नसतं म्हणतात, पण पार्टी असतेच. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतही असते. आप्पांनी ऐकलं, पानाची पिंक टाकली आणि गप्प बसले. हरकतीची मुदत संपली, यादी पक्की झाली. ऐकून गप्प बसणं हे राजकारणात बोलण्यापेक्षा मोठं काम असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पंचायतीची निवडणूक लागली. बायकांसाठी जागा राखून ठेवण्याचा कायदा नुकताच आलेला. आप्पांनी त्या वॉर्डात आपल्या सुनेचा अर्ज भरला आणि जागा बिनविरोध धरून टाकली. तर शेडांतल्या बायकांनी गयाबाईला उभं केलं. टँकरची रांग तीच लावायची, भांडणं तीच मिटवायची. आणि तिचं म्हणणं एकच होतं. नव्या गावात कुटुंबागणिक घरं मिळणार होती. गावातली काही कर्ती माणसं म्हणत होती, एकट्या बाईला वेगळं घर कशाला, तिला दिराच्या कुटुंबात धरा. शेडांत अशा एकट्या बायका बऱ्याच होत्या. गयाबाईला पंचायतीत बसून म्हणायचं होतं, की एकटी बाई हे सुद्धा एक घर आहे.

अर्जांच्या छाननीच्या आदल्या दिवशी ती माझ्या शाळेत आली. पायी. वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, “बाई, तुमी मला कोनाची बायकू केलाव?”

तेव्हा मला कळलं. तिच्या नवऱ्याचं नाव भरत. मोठा दीर खराच राम. आणि धाकटा दीर, दोन रांगा सोडून राहणारा, जिवंत, बायकोलेकरांचा धनी, तो लक्ष्मण. मी तिला कागदावर दिराची बायको करून ठेवलं होतं. गावात चेष्टा सुरू झालेली. लक्ष्मणची बायको तिच्याशी बोलायची बंद झालेली. आणि आप्पांनी हरकत लिहून दिलेली, की अर्ज भरणारी गयाबाई भरत जगदाळे ही मतदारच नाही. यादीत आहे ती गयाबाई लक्ष्मण. आणि ती जर हीच असेल, तर मग ही दिराच्या कुटुंबातली. म्हणजे अर्जही जाणार आणि घरही. एका दगडात आप्पांनी दोन पक्षी पाडले होते, आणि तो दगड मी हातात दिला होता.

मला रडू आलं. वर्गासमोर. पोरं टकामका पाहत राहिली. गयाबाईनंच मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या शेडात छाननीला मी हजर. निवडणूक अधिकारी तरुण होते, पश्चिम महाराष्ट्रातून नवीन आलेले, सज्जन पण कायद्याच्या पुस्तकाला चिकटून. मी कागदावर लिहून दिलं: सदर चूक माझी आहे, मी जुनी यादी न पाहता नोंद केली. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी समजावलं होतं, “शेख बाई, तोंडी सांगा, लिहून कशाला देता? नोटीस येईल.” ती आलीही पुढे. माझ्या सर्व्हिस बुकात तो ताशेरा अजून आहे, आणि तो मी कोणालाही दाखवते.

साहेबांनी वाचलं. “आप्पा, बाईंनी चूक कबूल केली आहे. जुन्या यादीत गयाबाई भरत असं नाव आहेही.”

“जुनी यादी रद्द झाली न्हव का, सायेब?” आप्पा अगदी नरमाईनं म्हणाले. “आन्‌ जुन्या गावातली गया ती हीच कशावरनं? गाव तर गाडलं. बाई चूक कबूल करायल्यात, त्यांचा मान हाय. पर नवरा कोन व्हता, ते हिनं सोत्ताच्या तोंडानं सांगावं की. सांगितलं तर म्या माझी हरकत परत घेतो.”

सगळे खाली पाहू लागले. आप्पा गावचे होते. काय मागावं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. साहेब नवीन, त्यांना हे अगदी साधं वाटलं. “बरोबर आहे. बोला बाई, तुमच्या पतीचं पूर्ण नाव काय?”

गयाबाई उभी. पदर डोक्यावर, नजर टेबलाच्या पायाशी.

“ती घेत न्हाई, सायेब,” मागून कोणीतरी म्हणालं. “बाया घेत न्हाईत.”

“मग लिहून द्या.”

“तिला लिवाया येत न्हाई.”

मी तोंड उघडलं, तसं साहेबांनी हात वर केला. “बाई, तुम्ही नाही. त्यांनीच.” मला वाटलं, संपलं. मी तिला काय सांगणार होते? मी तरी कुठं घेत होते? आमचे हे म्हणजे ‘शबनमचे अब्बा’. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि त्यांचं नाव मी फक्त फॉर्मवर लिहिलेलं.

मग गयाबाई बोलली. आवाज लहान, पण स्वच्छ.

“नाव घेतलं तर आवुक्ष कमी व्हतंय म्हनत्यात. म्या वीस वर्सं घेतलं न्हाई. तरी गेलेच.” तिनं मान वर केली. साहेबांकडे नाही, आप्पांकडे पाहिलं. “भरत. भरत सोपान जगदाळे. माझे मालक.”

साहेब लिहू लागले. लिहून झालं, तशी ती म्हणाली, “सायेब, आनिक एकदा घेऊ का?”

“गरज नाही, लिहिलं मी.”

“तुमच्यासाटी न्हाई,” ती म्हणाली, आणि पुन्हा म्हणाली, “भरत.”

आप्पांनी हरकत परत घेतली. शब्द दिला होता आणि चारचौघांत दिला होता. एवढं त्यांच्याबद्दलही लिहायला हवं.

बाहेर लिंबाखाली आम्ही दोघी बसलो. मी तिचा हात धरून माफी मागितली. तिचं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, “बाई, एक इचारू? त्या पाह्यटं जनावर लई वरडायलं म्हनून म्या भाईर आले व्हते. जमीन हालाया लागली, तशी दारातनं हाका मारल्या. अवो, उठा. अवो, भाईर या. सगळ्या गल्लीत बाया अवोच म्हनायल्या व्हत्या. त्यास्नी कसं कळावं, कोनाचा अवो? म्या नावानं हाक मारली आसती, तर आले आसते का वो भाईर?”

“नाही गं,” मी म्हटलं. “तेवढा वेळच नव्हता.” सगळे हेच म्हणाले असते.

संध्याकाळी घरी आले. दार उघडं, हे आत कुठंतरी मिलचं यंत्र खोलून बसले होते. यांना दाल मिलमध्ये मेकॅनिकची नोकरी, घरीही तेच. मी अंगणात उभी राहिले आणि का कोण जाणे, हाक मारली, “यूसुफ!” पाना खाली पडल्याचा आवाज आला आणि हा माणूस अनवाणी, हात तेलानं बरबटलेले, धावत बाहेर आला. “क्या हुआ? क्या हुआ?” मी अंगणातच खाली बसले. हे मी गयाबाईला कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहीत आहे.

गयाबाई निवडून आली. आप्पांच्या सुनेला पाडून. गुलाल तिनं कपाळाला लावला नाही, विधवेनं लावायचा नाही म्हणून; मग बायकांनी तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत लावला. नव्या गावात एकट्या बायकांची घरं वेगळी धरली गेली. एकटीच्या भांडणानं झालं असं म्हणणार नाही, पण प्रत्येक बैठकीत तोच एक विषय काढणारी बाई तिथं बसलेली होती. पुढे त्या घरांच्या दारांवर पाट्या लागल्या, त्या बायकांच्या नावाच्या. मी गेले की मुद्दाम त्या रांगेतून चालते.

पुढच्या वर्षी यादीच्या दुरुस्तीला त्याच गावात मी मागून ड्युटी घेतली. जुनी यादी हातात, उघडी. चावडीवाचनाला गेले तर सतरंजीवर पुढच्या सगळ्या रांगा बायकांच्या. पुरुष मागे, भिंतीला टेकून. गयाबाईनं घरोघर जाऊन सांगितलं होतं, आपलं नाव आपल्या कानानं ऐकायचं आणि चुकलं तर तिथंच उठायचं. ज्यांचे मालक होते, त्यांनाही तिनं एकच सांगितलं म्हणे: आत्ताच घिऊन ठिवा.

“बाई, सावकाश वाचा,” ती म्हणाली. “घाई न्हाई कुनाला.”

मी वाचत गेले. एकेक बाई उठायची, आपलं नाव सांगायची, मग भ्रताराचं. कोणी लाजत, कोणी हसत, कोणी डोळे मिटून पाण्यात उडी मारल्यासारखं. दगडूच्या जातीचं एकही कोडं कोणी घातलं नाही. माझी इतक्या वर्षांची विद्या एका दुपारात बिनकामाची झाली, आणि इतका आनंद मला दुसऱ्या कशानं झाला नव्हता.

शेड नंबर जाऊन तिथं घर नंबर आला होता. मी वाचलं, “गयाबाई भ्र. भरत जगदाळे.”

ती उठली नाही. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं, “गयाबाई भ्र. भरत जगदाळे.”

“पयल्यांदाच आयकू आलं व्हतं, बाई,” गयाबाई म्हणाली. “आनिक एकदा वाचा.”

मी आणखी एकदा वाचलं. मग ती उठली आणि म्हणाली, “हाय.”